‘घरात ओल आहे का?’ हा प्रश्न केस पेपरवर हवा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा मध्यावर आला की पुण्यातल्या दवाखान्यांत खोकल्याची रांग लागते. त्या रांगेतला एखादा रुग्ण तपासून झाल्यावर उठता उठता म्हणतो, “डॉक्टर, बेडरूमच्या भिंतीला ओल आहे, कपाटामागे बुरशी आलीय. त्यानं तर होत नसेल?” यावर मिळणारी उत्तरे ठरलेली आहेत. “पावसाळ्यात कुणाच्या घरी ओल नसते?”, “इंटरनेटवर वाचू नका”, “ॲलर्जीची गोळी देतो, पंधरा दिवसांनी या.” रुग्ण स्त्री असेल तर “फार टेन्शन घेता का?” हेही हमखास.

हे पत्र आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. एक जण छातीचे विकार पाहणारा डॉक्टर, दुसरा इमारतींची गळती आणि ओल शोधून दुरुस्त करणारा अभियंता. उठता उठता सांगितलेल्या त्या एका वाक्यात निम्मे निदान दडलेले असू शकते आणि ते तपासायला फार वेळ किंवा पैसा लागत नाही, एवढे सांगण्यासाठी हा खटाटोप.

‘कुणाच्या घरी ओल नसते?’ या उत्तरापासूनच सुरुवात करू. डास घरोघरी असतात, म्हणून तापाच्या रुग्णाची डेंगीची तपासणी करायची नाही असे कोणताही डॉक्टर म्हणत नाही. ओलीलाही तोच न्याय हवा. एकाच ओल्या खोलीत चौघे झोपतात, तिघांना काहीच होत नाही आणि चौथ्याचा दमा उसळतो, याचे कारण त्या चौथ्याच्या श्वासनलिकांत असते, मनात नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशी याच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर किंवा बुरशी आलेल्या इमारतीत राहणाऱ्यांना श्वसनाची लक्षणे, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावणे यांचा धोका वाढतो, याला पुरेसा पुरावा असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने त्याआधी पाच वर्षे, २००४ मध्ये, खोकला, छातीतली घरघर, नाक-घशाचा त्रास आणि दमेकऱ्यांची वाढलेली लक्षणे यांबाबत असाच निष्कर्ष काढला होता. हे आता वादाचे मुद्दे राहिलेले नाहीत.

डॉक्टरांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्यांचा संशय हवेतून आलेला नाही. बुरशीच्या नावाखाली बरेच अशास्त्रीय खपवले जाते. लघवीतले बुरशीचे विष मोजून देणाऱ्या महागड्या तपासण्या इंटरनेटवर मिळतात, पण रुग्णाच्या निदानासाठी त्यांना मान्यता नाही. अंगदुखी, विसराळूपणा, केस गळणे असे सगळेच ‘विषारी काळ्या बुरशी’च्या माथी मारणारी पुस्तके आणि व्हिडिओही भरपूर आहेत. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात १९९३-९४ मध्ये काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि त्याचे खापर स्टॅकिबॉट्रिस या काळ्या बुरशीवर फुटले. पुढे २००० साली तिथल्याच रोगनियंत्रण केंद्राने फेरतपासणी केली, तेव्हा हा संबंध सिद्ध होत नसल्याचे दिसले. ज्याने हे वाचले आहे तो डॉक्टर ‘बुरशी’ शब्द ऐकताच सावध होतो, आणि ते साहजिक आहे.

आपल्याकडे त्यात २०२१ ची भर पडली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसला सगळे ‘काळी बुरशी’ म्हणू लागले. तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग पाहून आलेल्या माणसाला “तुम्हाला शुगर नाही, स्टेरॉइड नाही, तुम्हाला काळी बुरशी होणार नाही” असे सांगून परत पाठवले जाते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. म्युकरमायकोसिस हा संसर्ग आहे; त्यात बुरशी शरीरात वाढते, आणि तीही बहुतेक वेळा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांच्या. भिंतीवर दिसते ती बुरशी बहुधा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम, अल्टरनेरिया अशा जातींची असते. तिचे बीजाणू आणि तुकडे श्वासावाटे आत जातात आणि धडधाकट माणसातही ॲलर्जी किंवा दाह निर्माण करतात. रुग्ण विचारतो दुसऱ्या प्रकाराबद्दल आणि उत्तर मिळते पहिल्याचे.

खोट्या दाव्यांना हाकलताना खरे आजारही दाराबाहेर जातात, ही आमची मुख्य तक्रार आहे. असे तीन आजार आहेत आणि तिघांच्या तपासण्या वेगळ्या आहेत. गफलत नेमकी तिथे होते.

पहिला साधा, म्हणजे नाकाची ॲलर्जी आणि दमा. यात त्वचेवरची ‘प्रिक टेस्ट’ किंवा रक्तातली विशिष्ट आयजीई (ॲलर्जीत वाढणारी प्रतिद्रव्ये) तपासणी उपयोगी पडते. पण त्वचेच्या चाचणीआधी साधारण आठवडाभर सेटिरिझिनसारखी ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते. ती चालू असताना केलेली चाचणी खोटी ‘निगेटिव्ह’ येते आणि फाइलवर कायमचे ‘ॲलर्जी नाही’ असे लिहिले जाते. गोळी थांबवणे शक्य नसेल तर रक्ताची तपासणी करावी, तिला हे बंधन नाही. आणखी एक, तपासणीच्या यादीत बुरशीच्या जाती आहेत का ते विचारून घ्यावे. काही स्वस्त पॅकेजमध्ये धूळ, परागकण आणि खाद्यपदार्थच असतात.

दुसरा आजार ॲलर्जिक ब्रॉन्कोपल्मोनरी ॲस्परजिलोसिस, डॉक्टरांच्या बोलीत ‘एबीपीए’. दमेकऱ्याच्या श्वासनलिकांत ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी मुक्काम करते आणि शरीर तिच्याविरुद्ध पेटून उठते. दमा नेहमीच्या पंपाने आटोक्यात येत नाही, तपकिरी घट्ट कफाचे खडे पडतात, एक्स-रेमधला डाग आज इथे तर दोन महिन्यांनी तिथे दिसतो. ही बुरशी हवेत सगळीकडेच असते, फक्त ओल्या घरात नाही, हे खरे. पण ती सडत्या, ओल्या वस्तूंवर फोफावते, आणि अशा रुग्णाने तिच्या सान्निध्यात राहू नये हेही तितकेच खरे. भारतात याची सर्वांत मोठी शोकांतिका अशी की एक्स-रेवरचा डाग पाहून या रुग्णांना क्षयाची औषधे सुरू होतात. थुंकीत क्षयाचे जंतू सापडलेले नसतात, सीबीनॅट ही क्षयाचे जंतू शोधणारी चाचणीही निगेटिव्ह असते, तरीही सहा महिन्यांचा कोर्स होतो आणि आजार होता तिथेच राहतो. वास्तविक सुरुवातीला दोन रक्ततपासण्या पुरतात. ॲस्परजिलस फ्युमिगेटसची विशिष्ट आयजीई ०.३५ किंवा अधिक आणि एकूण आयजीई ५०० किंवा अधिक आली, तर पुढचा तपास करायलाच हवा. एकूण आयजीईची ही मर्यादा पूर्वी १००० होती. २०२४ च्या सुधारित निकषांत ती खाली आणली गेली. जुना आकडा डोक्यात असलेल्या डॉक्टरांकडून सहाशे-सातशेचे रुग्ण आजही सुटतात.

तिसऱ्या आजाराविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण तो सर्वांत जास्त हुलकावणी देतो. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, थोडक्यात ‘एचपी’. यात दाह श्वासनलिकांपेक्षा खोल, फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतो. बुरशीचा मोठा मारा झाल्यावर चार ते आठ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला, अंगदुखी आणि धाप असा झटका येतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो. दवाखान्यात त्याला ‘व्हायरल’ म्हणतात, अँटिबायोटिक देतात, आणि ताप आपोआप उतरणारच असल्यामुळे अँटिबायोटिकला यश आल्यासारखे वाटते. पुन्हा झटका, पुन्हा ‘व्हायरल’. मारा थोडा-थोडा पण रोजचा असेल तर तापही येत नाही. जिना चढताना धाप वाढत जाते, वजन उतरते, आणि रुग्ण स्वतःच वयाला दोष देतो.

इथे आयजीई तपासून उपयोग नाही, कारण हा आजार त्या वाटेने होतच नाही. ‘ॲलर्जी टेस्ट निगेटिव्ह, म्हणजे बुरशीचा संबंध नाही’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा आहे. साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ असू शकतो. स्टेथोस्कोपने घरघर ऐकू येत नाही. पाठीवर खाली, खोल श्वास घेताना बारीक चरचर मात्र येते, आणि ती ऐकायला शर्ट वर करावा लागतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर बसलेल्या अवस्थेत ९७ दिसते, पण सहा मिनिटे चालवल्यावर आकडा घसरतो. ही चालण्याची चाचणी दवाखान्याच्या बोळात फुकट होते. संशय आला तर एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचे बारीक कापांचे सीटी स्कॅन करावे आणि ते लिहून देताना श्वास सोडलेल्या अवस्थेतले कापही मागावेत, कारण अडकून राहिलेली हवा त्यातच दिसते. मागितले नाहीत तर सेंटरवाले बहुधा काढत नाहीत. जोडीला स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी) आणि वायुविसरणाची, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो याची चाचणी. बुरशीविरोधी आयजीजी (दुसऱ्या प्रकारची प्रतिद्रव्ये) रक्तात सापडले तर संपर्क आल्याचे कळते, आजार सिद्ध होत नाही.

भारतात हा आजार दुर्मीळ आहे ही समजूत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नोंदवहीने खोडून काढली. देशातल्या १९ शहरांतील २७ केंद्रांतून फुप्फुसाच्या आंतरस्तराचे, म्हणजे वायुकोशांच्या भिंतींचे आजार असलेले १०८४ रुग्ण त्यात नोंदवले गेले. त्यांपैकी ४७ टक्क्यांहून अधिक जणांचे निदान ‘एचपी’ होते, आणि या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर वापरात होता. एप्रिल-मेमध्ये पुण्यात गल्लोगल्ली कूलर बाहेर निघतात. माळ्यावरून काढलेला कूलर, मागच्या वर्षीची लाकडी भुशाची जाळी, तळाशी साचलेला हिरवट-काळा थर, त्यावर ताजे पाणी आणि रात्रभर तोंडावर वारा. बुरशी थेट फुप्फुसात पोचवायला याहून सोयीची रचना सापडणार नाही. जाळी दर हंगामाला नवी घालावी, पाणी रोज बदलावे, आठवड्यातून एकदा टाकी घासून पूर्ण कोरडी करावी आणि पहाटे बंद करण्याआधी पंप थांबवून नुसता पंखा अर्धा तास चालवावा म्हणजे जाळी वाळते. ज्याला एकदा हा आजार झाला आहे त्याने कूलर वापरूच नये. याच आजाराचे दुसरे मोठे कारण कबुतरे. सोसायट्यांच्या डक्टमध्ये ओल आणि कबुतरांची विष्ठा एकत्र नांदतात, आणि बाथरूमची खिडकी त्याच डक्टमध्ये उघडते. म्हणून ओलीबद्दल विचारताना कबुतरांबद्दलही विचारायला हवे. वेळेत कारण दूर केले तर फुप्फुस पूर्ववत होऊ शकते. एकदा व्रण धरला की ते परत येत नाही.

आता, घर आणि आजार यांचा संबंध आहे की नाही हे ठरवायचे कसे? सर्वांत उपयोगी साधन म्हणजे पीक फ्लो मीटर, फुंकर किती जोराची आहे ते मोजणारी काही शे रुपयांची प्लास्टिकची नळी. उभे राहून, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एका झटक्यात फुंकायचे. तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सकाळी पंप घेण्याआधी आणि संध्याकाळी, असे दोन आठवडे घरी. मग किमान एक आठवडा दुसऱ्या कोरड्या जागी, आणि परतल्यावर पुन्हा एक आठवडा घरी. मोठ्या माणसात सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतला फरक सरासरी १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ते दम्याचे लक्षण. बाहेर आकडे चढले आणि परतल्यावर उतरले तर घराकडे बोट जाते. या काळात औषध वाढवायचे नाही, कमी करायचे नाही, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. आणि जागा निवडताना जपून. पुष्कळ जण गावी जातात. तिथे माजघराला लागून गोठा असतो, त्यात भिजलेला कडबा. शेतकऱ्यांच्या फुप्फुसाचा जुना, नावाजलेला आजार अशाच बुरसटलेल्या चाऱ्याने होतो. तिथे त्रास वाढला की ‘पाहा, घराचा काही संबंध नाही’ असा उलटा निष्कर्ष निघतो. ‘एचपी’च्या रुग्णात पीक फ्लो फारसा हलतही नाही, त्याच्यासाठी रोजचे तापमान, चालल्यानंतरचा ऑक्सिजन आणि धाप यांची नोंद ठेवावी.

रुग्णांनाही एक सांगणे आहे. “मला बुरशीचा आजार झालाय” असे म्हणत आत गेलात तर डॉक्टरांचे कान बंद होतात. निदान त्यांच्यावर सोडा, माहिती तुम्ही द्या. त्रास कधी सुरू झाला, गळती कधी सुरू झाली, कुठल्या खोलीत जास्त होतो, बाहेरगावी किती दिवसांत बरे वाटते, परतल्यावर किती तासांत किंवा दिवसांत उलटते, हे एका पानावर तारखांसह लिहून न्या. डागाचे फोटो काढताना शेजारी फूटपट्टी किंवा वर्तमानपत्राचे तारखेचे पान धरा. पलंग त्या भिंतीपासून किती फुटांवर आहे तेही लिहा, कारण माणूस दिवसाचे सात-आठ तास तिथे श्वास घेतो. हवेतली बुरशी मोजून देणाऱ्या एजन्सीवर पैसे घालवू नका. किती बीजाणू म्हणजे धोका, याचे मान्य प्रमाण कुठेच ठरलेले नाही, आणि आकडा खिडकी उघडताच बदलतो. बुरशी डोळ्यांना दिसते किंवा कुबट वास येतो, एवढे पुरे.

घराकडे वळू. ओल कुठून येते हे कळल्याशिवाय केलेला प्रत्येक खर्च वाया जातो, आणि ते शोधायला उन्हाळा हा सर्वांत चांगला साक्षीदार आहे. डाग एप्रिलमध्येही ओला असेल तर पाणी पाइपचे किंवा वरच्या बाथरूमचे. फक्त जून ते सप्टेंबर ओला असेल तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकीचा सज्जा. पुण्यात पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून मारतो, त्यामुळे पश्चिमेची उघडी भिंत पहिली तपासावी. गिलाव्यातली केसाएवढी भेगही पुरते. तळमजल्यावर जमिनीपासून कमरेपर्यंत सरळ रेषेत पोपडे सुटले असतील आणि पांढरे क्षार फुलले असतील, तर ओल जमिनीतून चढते आहे. पेठांतल्या जुन्या विटा-मातीच्या भिंतींत हे हमखास दिसते. बाथरूमचा संशय असेल तर नहाणी ट्रॅप बुजवून फरशीवर इंचभर पाणी २४ ते ४८ तास साठवावे आणि खालच्या घराच्या छताकडे लक्ष ठेवावे.

भिंत आतून ओली की हवेतले बाष्प तिच्यावर जमते, हे ओळखायची एक जुनी युक्ती आहे. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, डागावर ठेवून चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि २४ तास थांबा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीच्या बाजूला आले तर हवेत बाष्प जास्त आहे. दुसऱ्या प्रकारात वॉटरप्रूफिंगवर हजारो रुपये घालून काही होत नाही. तिथे कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढणे, न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा, आणि खोलीत कपडे न वाळवणे हेच उपाय. मशीनमधून पिळून काढलेल्या कपड्यांच्या एका घाण्यातून दीड-दोन लिटर पाणी हवेत जाते. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा असे परदेशी पत्रके सांगतात. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच ऐंशीच्या पुढे असते, त्यामुळे उघड्या खिडकीने तो आकडा गाठता येत नाही. अशा रुग्णाच्या निजायच्या खोलीपुरता डिह्युमिडिफायर किंवा एसीचा ‘ड्राय मोड’ वापरावा, आणि तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक तिथे टांगून आकडा पाहत जावे.

सगळ्यात जास्त चुका रंगकामात होतात. पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो, दिवाळी तोंडावर असते, आणि ओल्या भिंतीवर पुट्टी फासून वर चकचकीत रंग चढवला जातो. विटांची भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण महिना, असा कामातला ठोकताळा आहे. वर रंगाचे कातडे चढले की आतले पाणी कोंडते, रंगातल्या आणि पुट्टीतल्या चिकट पदार्थांवर बुरशी जगते, आणि पुढच्या पावसात फुगवटे धरून सगळे खाली येते. योग्य क्रम असा: आधी पाण्याचा स्रोत बंद करावा, मग डागाच्या कडेपासून चहूबाजूंनी फूटभर पुढेपर्यंत सडलेला गिलावा विटेपर्यंत उतरवावा, भिंत पूर्ण वाळू द्यावी, मग नवा गिलावा, आणि तोही वाळल्यावर बाष्प बाहेर जाऊ देणारा रंग. भिजलेले पीओपीचे छत, जिप्समचे बोर्ड, कपाटामागचे फुगलेले प्लायवूड पुसून वाचत नाही, ते काढून टाकावे. पुराचे पाणी शिरलेल्या घरात तर घड्याळ लावून काम करावे लागते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी भरले, तशा प्रसंगी गाद्या, उशा, कापडी सोफे २४ ते ४८ तासांत वाळले नाहीत तर त्यांत बुरशी धरतेच.

तीन बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरी साफ करता येतो. रुग्णाने त्या वेळी घरात थांबू नये. करणाऱ्याने एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा, खिडकी उघडी ठेवावी, पंखा बंद ठेवावा. कोरडा ब्रश किंवा झाडू फिरवू नये, त्याने बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावे, फडके पिशवीत बांधून टाकावे, जागा कोरडी करावी. ब्लीचने डाग पांढरा होतो, पण मेलेली बुरशीही ॲलर्जी करते, शिवाय त्याच्या वाफा दमेकऱ्याला झोंबतात. ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

भाडेकरू किंवा फ्लॅटधारक एकटा हे सगळे करू शकत नाही, आणि इथे डॉक्टरांच्या एका कागदाचा फार उपयोग होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणारी पावसाची गळती आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती दुरुस्त करणे हे सोसायटीचे काम आहे. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. लेखी तक्रारीसोबत डॉक्टरांचे पत्र असेल तर सभेत विषय पुढे सरकतो. डॉक्टर ते देत नाहीत, कारण उद्या कोर्टात ‘बुरशीमुळेच आजार झाला’ हे सिद्ध करावे लागेल अशी त्यांना भीती वाटते. तसे लिहायची गरजच नाही. “या रुग्णाला दमा आहे. निजायच्या खोलीच्या पश्चिम भिंतीवर ओल व बुरशी असल्याचे फोटो पाहिले. ओलसर घरात दमा बळावण्याचा धोका वाढतो, म्हणून दुरुस्ती लवकर होणे रुग्णाच्या आरोग्यासाठी आवश्यक आहे.” ही तीन वाक्ये वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष आहेत आणि कोणत्याही डॉक्टरने निःशंक सही करावी अशी आहेत.

ओलीची तक्रार वेळीच मनावर घेणे किती मोलाचे असते हे इंग्लंडमध्ये फार उशिरा कळले. रॉचडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्काने आलेला श्वसनविकार हे मृत्यूचे कारण असल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) नोंदवले. वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती आणि त्यांना ‘वरून रंग मारा’ असे सांगण्यात आले होते. त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक (कमी भाड्याच्या सार्वजनिक) घरांच्या मालकांना तातडीचा धोका २४ तासांत हाताळावा लागतो, आणि गंभीर ओल-बुरशीची पाहणी १० कामकाजी दिवसांत करावी लागते.

पुण्यात याची सुरुवात कायद्याआधी करता येईल. देशातल्या बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आघारकर संशोधन संस्थेत, याच शहरात आहे. वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांनी कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या घरी जायचे असते. त्या भेटीच्या तक्त्यात ओल, कूलर आणि कबुतरे यांचे रकाने घातले तर एका पावसाळ्यात बरेच चित्र हाती येईल. आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना विनंती एवढीच, की तीन आठवड्यांहून जुना खोकला, न आवरणारा दमा किंवा पुन्हा पुन्हा येणारा ‘व्हायरल’ समोर आला की तीन प्रश्न स्वतःहून विचारावेत. घरात किंवा कामाच्या जागी ओल, बुरशी किंवा कुबट वास आहे का, आणि कधीपासून? चार-आठ दिवस बाहेर राहिल्यावर बरे वाटते आणि परतल्यावर उलटते का? घरात कूलर, खिडकीत कबुतरे, किंवा बुरसटलेल्या धान्य-चाऱ्याशी संबंध आहे का?

हे तीन प्रश्न जमल्यास आपण चौकटीत छापावेत. ज्यांना तोंडाने सांगायचा संकोच वाटतो त्यांना ती चौकट कापून, उत्तरे लिहून, केस पेपरला टाचता येईल.

कळावे,

आपले,
छातीच्या विकारांचा एक डॉक्टर आणि एक स्थापत्य अभियंता, पुणे
(नावे प्रसिद्ध करू नयेत, ही विनंती.)